जंतूवाचून पसरणारा रोग

श्रोते हो, रोग म्हटला की त्याच्यामागे कुठला तरी जंतू असावयाचाच, ही गोष्ट आता शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पटकी पाण्यातून येते, क्षय खोकल्यातून येतो, हिवताप डासाच्या चाव्यातून येतो. गुरांच्या घटसर्पाला आणि फऱ्याला जंतू कारणीभूत, लाळ-खुरकुताला विषाणू कारणीभूत. जंतू सजीव असतो. तो वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणू त्याहून फार सूक्ष्म, पण आपल्यासारखे दुसरे कसे घडवावयाचे ह्याचा आराखडा त्याच्यापाशीही असतो. उकळले, जाळले, औषध मारले, की हा आराखडा मोडतो आणि रोग टळतो. पाश्चर आणि कॉख ह्यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या ह्या शिकवणीने माणसाचे फार कल्याण केले.

आज हकीकत सांगावयाची आहे ती ह्या शिकवणीत न बसणाऱ्या एका रोगाची. त्याला जंतू नाही, विषाणू नाही. उकळल्याने तो जात नाही. कधी तो वंशातून येतो, कधी खाण्यातून येतो, तर कधी कशावाचूनच उपजतो. ह्याचा उलगडा व्हावयाला कित्येक दशके लागली, आणि तो कुणा एका पंडिताने केला असेही नाही. पशुवैद्य, डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि डोंगरातल्या खेड्यांतली म्हातारी माणसे, अशा सगळ्यांचा त्याला हात लागला.

सुरुवात मेंढरांपासून करू. युरोपातल्या मेंढपाळांना एक रोग अठराव्या शतकापासून माहीत होता. चांगले धडधाकट मेंढरू कुंपणाला, झाडाला, दगडाला अंग घासू लागते. घासून घासून लोकर जाते, कातडे सोलवटते. मग पाय लटपटतात, मेंढरू झोकांड्या खाते, आणि काही महिन्यांत मरते. ताप नाही, सूज नाही. ह्या घासण्यावरूनच इंग्रज मेंढपाळांनी त्याला ‘स्क्रेपी’ असे नाव दिले. कुणी म्हणे हा वंशातून येतो, कुणी म्हणे हा लागट आहे.

१९३६ साली फ्रान्सातल्या तुलूझ येथील क्युये आणि शेल ह्या दोन पशुवैद्यांनी रोगी मेंढीच्या मेंदूचा व पाठीच्या कण्यातील मज्जेचा अंश निरोगी मेंढरांना टोचला. महिन्यामागून महिने गेले, काही घडले नाही. त्यांनी धीर सोडला नाही. वर्ष उलटून गेल्यावर मेंढरे अंग घासू लागली. रोग लागट आहे हे ठरले. पण एवढा वेळ दडून बसणारा रोग कुणी पाहिला नव्हता.

त्याच सुमारास स्कॉटलंडात एक अनर्थ घडला. गोचिडीपासून होणाऱ्या मेंढरांच्या दुसऱ्याच एका रोगावर तेथे लस काढली होती. ही लस मेंढरांच्या मेंदूपासून बनवीत, आणि त्यातला विषाणू मरावा म्हणून तीत फॉर्मॅलिन घालीत. ज्या रोगासाठी लस होती तो रोग टळला. पण १९३५ सालच्या एका घाण्यातली लस सुमारे १८,००० मेंढरांना टोचली गेली होती, आणि पुढील दोन वर्षांत त्यांतल्या सुमारे १,५०० मेंढरांना स्क्रेपी झाला. लस बनविताना वापरलेल्या मेंढरांत कुठे तरी तो लपून होता. ज्या फॉर्मॅलिनने विषाणू मरतात, त्याने ह्या रोगाचे काहीच वाकडे झाले नाही. ही फार मोठी खूण होती. पण तिचा अर्थ त्या वेळी कुणाला लागला नाही.

आता आपल्याला दूर जावयाचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व भागातल्या उंच डोंगरांत फोरे नावाचे लोक राहतात. रताळी पिकवावी, डुकरे पाळावी, असा त्यांचा संसार. हा मुलूख त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली होता; आज तो पापुआ न्यू गिनी ह्या स्वतंत्र देशात आहे. ह्या लोकांत एक रोग माजला होता. त्यांच्या बोलीत त्याला ‘कुरू’ म्हणत, म्हणजे थरथर. आपल्या महाभारतातल्या कुरुवंशाशी ह्या शब्दाचा काही संबंध नाही.

कुरू आला की आधी चाल बिघडे. बाई शेतात जाताना तोल सांभाळण्यासाठी काठी घेई. मग अंगाला कंप सुटे. पुढे उभे राहता येईना, बसता येईना, शेवटी घास गिळता येईना. शुद्ध मात्र बहुधा शाबूत असे. साधारण वर्षभरात सगळे संपे. वाचलेला रोगी कुणी पाहिला नव्हता. आणि नवल असे, की हा रोग मुख्यतः बायकांना आणि मुलांना होई. जाणत्या पुरुषांना क्वचित. काही गावांत बायका इतक्या मेल्या की पुरुषांनाच आईविना उरलेली पोरे सांभाळावी लागली. १९५७ पासून जी नोंद ठेवली गेली तीत २,७०० हून अधिक रोगी आहेत, आणि ज्यांच्यात हा रोग होता त्यांची वस्ती काही हजारांचीच. फोरे लोकांची समजूत अशी की हे करणीमुळे होते. संशयावरून माणसे मारली जात. म्हणजे रोगाने मरणारे निराळे, आणि संशयाने मरणारे निराळे.

१९५७ च्या मार्चमध्ये कार्लटन गायडुशेक हा तरुण अमेरिकन डॉक्टर तेथे पोहोचला. व्हिन्सेंट झिगास हे सरकारी डॉक्टर आधीपासून तेथे होते. दोघांनी डोंगर पायी तुडवून गावोगावच्या रोग्यांची मोजदाद केली. रक्त तपासले, अन्न तपासले, पाणी तपासले. जंतू सापडेना, विष सापडेना. रोग्याला ताप नाही, मेंदूला सूज नाही. मृतांचे मेंदू अमेरिकेत पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत बारीक बारीक पोकळ्या दिसल्या. रोग एकाच जमातीत, एकाच घराण्यांतून फिरतो, हे पाहून तो आनुवंशिक असावा असा तर्क निघाला.

गाठ सैल केली ती एका पशुवैद्याने. १९५९ साली लंडनमध्ये एक वैद्यकीय प्रदर्शन भरले होते. त्यात कुरूने मेलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे मांडली होती. विल्यम हॅडलो हे अमेरिकन पशुवैद्य त्या दिवसांत इंग्लंडात स्क्रेपीचा अभ्यास करीत होते. एका मित्राच्या सांगण्यावरून ते प्रदर्शन पाहावयाला गेले, आणि ती चित्रे पाहून थबकले. अशाच पोकळ्या त्यांनी मेंढरांच्या मेंदूत पाहिल्या होत्या. त्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटेसे पत्र लिहिले. त्यातले म्हणणे साधे होते: हे दोन रोग एका जातीचे दिसतात, तेव्हा कुरूचा अंश माकडाच्या जातीतल्या प्राण्याला टोचून पाहा, आणि पुष्कळ महिने थांबा.

गायडुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले. १९६३ साली चिंपांझींना टोचले. सुमारे दोन वर्षांनी ते प्राणी झोकांड्या खाऊ लागले. १९६६ साली ही वार्ता प्रसिद्ध झाली. कुरू लागट होता हे सिद्ध झाले. पण मग तो बायकांना आणि मुलांनाच का लागावा?

ह्याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हते, ते गावात होते. शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे दोन मानवशास्त्रज्ञ १९६१ पासून फोरे लोकांत राहिले. ते म्हाताऱ्या माणसांपाशी बसत, आणि कुठल्या घरात कोण केव्हा गेले हे वंशावळीसकट टिपून घेत. जुनी माणसे सांगत, की हा रोग आमच्या आजोबांच्या काळी नव्हता. आठवणी ताडून पाहता तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांच्या आसपास उगवला असे दिसले. तसेच मेलेल्या आप्तांचे मांस खाण्याची चाल तेथे फार जुनी नव्हती, हेही कळले. आपल्या माणसाला किड्यांनी खाण्यापेक्षा ज्यांनी त्याच्यावर माया केली त्यांच्यातच त्याने राहावे, अशी त्यामागची भावना होती. ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. पण त्यांच्या दृष्टीने तो शोकाचा आणि प्रेमाचा विधी होता. ह्या विधीत मेंदू वाट्याला येई तो बायकांच्या, आणि त्यांच्याजवळ असलेल्या लहान मुलांच्या. मुलगा जरा मोठा झाला की पुरुषांच्या घरात राहावयाला जाई, आणि मग त्याचा ह्याच्याशी संबंध सुटे. कोडे येथे उलगडले. ही चाल १९६० च्या सुमारास पूर्ण थांबली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कुरू दिसेनासा झाला. मायकेल आल्पर्स ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी पुढे कित्येक वर्षे तेथे राहून ही नोंद चालू ठेवली.

मात्र पूर्वी ज्यांच्या शरीरात रोग शिरला होता त्यांच्यात तो दडून राहिला. १९९६ ते २००४ ह्या काळात जे अकरा रोगी सापडले ते सगळे ही चाल बंद पडण्यापूर्वी जन्मलेले होते. म्हणजे काहींच्या अंगात हा रोग चाळीस-पन्नास वर्षे गुपचूप बसला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जो टोचला जातो, खाण्यातून जातो, फॉर्मॅलिनला दाद देत नाही, तो आहे तरी कोण? लंडनमध्ये टिकवा आल्पर ह्या विदुषींनी १९६६-६७ च्या सुमारास स्क्रेपीच्या अंशावर किरणांचा मारा केला. ज्या किरणांनी विषाणूंचा आराखडा नष्ट होतो, त्यांनी ह्याला धक्का लागला नाही. म्हणजे त्याच्यापाशी आराखडाच नसावा! १९६७ साली जॉन ग्रिफिथ ह्या गणितज्ञाने कागदावर मांडून दाखविले, की नुसते प्रथिनही स्वतःचा नमुना दुसऱ्या प्रथिनावर उमटवू शकेल. फार थोड्यांनी ते मनावर घेतले.

१९७२ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅन्ली प्रुसिनर ह्या तरुण डॉक्टरांच्या हाताखाली मेंदूच्या अशाच एका रोगाने एक रोगी दगावला. क्रॉइट्सफेल्ड आणि याकोब ह्या दोन जर्मन डॉक्टरांनी १९२०-२१ साली वर्णिलेला हा रोग जगभर आढळतो. वर्षाला दहा लाखांत एक-दोन माणसांना होतो. प्रुसिनर ह्यांनी त्याचा पिच्छा धरला. उंदरासारख्या हॅम्स्टर नावाच्या प्राण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी रोगकारक अंश गाळून गाळून शुद्ध केला. शेवटी हाती उरले ते एक प्रथिन. १९८२ साली त्यांनी त्याला ‘प्रायॉन’ हे नाव दिले. पुष्कळांनी टीका केली, काहींनी टवाळी केली. १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९७६ साली गायडुशेक ह्यांनाही ते मिळाले होते.

आणखी एक धक्का १९८५ साली बसला. ज्या प्रथिनाला आपण शत्रू म्हणत होतो, त्याचा जनुक निरोगी प्राण्यांच्याच शरीरात सापडला. माझ्या शरीरात तो आहे, तुमच्याही आहे. मग सगळ्यांना हा रोग का होत नाही?

ह्यासाठी फेट्याचा दाखला घेऊ. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी. तिच्या घड्या ठरावीक रीतीने पडतात, तेव्हाच ती कामाची होते. फेट्याचे कापड तेच, पण बांधणी बिघडली तर तो डोक्यावर राहत नाही. प्रायॉनच्या प्रथिनाची साखळी तीच असते. बिघडलेली असते ती घडी. आणि ह्या बिघडलेल्या घडीचा गुण असा, की ती शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखे करून सोडते. कुणी म्हणेल, हे विरजणासारखे झाले. पण विरजणात सजीव जंतू असतात, येथे ते नाहीत. खडीसाखर अधिक जवळची. दाट पाकात दोरा आणि साखरेचा एक कण सोडला, की पाकातली साखर त्या कणाच्या आकारानेच त्याला चिकटत जाते आणि खडे वाढतात. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखविण्याजोगा आहे. मेंदूत असे घडू लागले की पेशी मरतात आणि पोकळ्या पडतात. साध्या उकळण्याने ही आवळलेली घडी सुटत नाही, हे आता समजते. १९९२ साली झुरिचच्या शास्त्रज्ञांनी तर हा जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना स्क्रेपी टोचला तरी तो होईना. चांगले प्रथिनच नाही, तर बिघडावयाचे काय?

ह्यातूनच वंशाचे कोडेही सुटले. माणसाचा हा जनुक विसाव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्यावरून घडणारी साखळी २५३ कड्यांची असते. एखाद्या घराण्यात एखादी कडी पिढीजात बदललेली असली, तर घडी आपोआप बिघडण्याचा धोका वाढतो. अशी पहिली चूक १९८९ साली हुडकली गेली. इटलीतल्या एका घराण्यात पिढ्यान् पिढ्या उतारवयाकडे झुकलेली माणसे झोप उडून, झुरत झुरत मरत. १९९२ साली असे आढळले की त्यांच्यात १७८वी कडी बदललेली आहे. विशेष असे, की १७८व्या जागची तीच चूक असूनही १२९व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असले तर झोप उडते, आणि व्हॅलिन असले तर क्रॉइट्सफेल्ड-याकोब रोग होतो.

ही १२९वी जागा ध्यानात ठेवा. प्रत्येकाला ह्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हींत एकच अमिनो आम्ल असले तर हा रोग लवकर जडतो; एकीत एक, दुसरीत दुसरे असले तर घडी एकमेकींना नीट जुळत नाहीत आणि रोगाला अडथळा होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, जुन्या विधीत भाग घेऊनही जगलेल्या म्हाताऱ्या फोरे बायकांत बहुतेकींच्या प्रती अशा भिन्न निघाल्या. पुढे २००९ साली कुरूच्या मुलखातल्याच लोकांत १२७व्या जागी एक निराळा बदल सापडला. २०१५ साली तो बदल उंदरांत घालून पाहिला, तेव्हा त्या उंदरांना कुरू झाला नाही. रोगाने अगणित बळी घेतले, आणि जी घराणी तगली त्यांच्या रक्तात अशी ढाल उरली. म्हणजे आधी आनुवंशिकतेचा तर्क करणारेही सर्वस्वी चुकले नव्हते, आणि लागणीचा तर्क करणारेही बरोबर होते.

श्रोते हो, एवढे ज्ञान हाताशी येत असतानाच इंग्लंडात मात्र वेगळेच चालले होते. गाय गवत खाणारे जनावर. आपण तिला कडबा घालतो, सरकीची पेंड घालतो. तेथे दूध वाढावे म्हणून मेलेल्या मेंढरांची आणि गुरांची हाडे व मांस शिजवून, दळून, त्याची भुकटी गाई-वासरांच्या खुराकात मिसळीत. गाय नकळत गाय खात होती. १९८६ साली गाई लडखडून पडू लागल्या. त्यांच्या मेंदूत त्याच पोकळ्या दिसल्या. जुलै १९८८ मध्ये असा खुराक गुरांना घालण्यास मनाई झाली; पण मनाई नीट पाळली गेली नाही, आणि रोग अंगात चार-पाच वर्षे दडून राहत असल्याने १९९२ साली एका वर्षात ३६,००० हून अधिक गुरे त्याला बळी पडली. एकूण आकडा १ लाख ८० हजारांच्या वर गेला. पुढे खबरदारी म्हणून ४० लाखांहून अधिक गुरे मारावी लागली. कित्येक शेतकरी कुटुंबे धुळीला मिळाली.

माणसाला ह्यापासून भय नाही, असे सरकार सांगत राहिले. १९९० साली एका मंत्र्याने तर दूरचित्रवाणीवर आपल्या चार वर्षांच्या मुलीला गोमांसाचा पदार्थ खावयाला देऊन लोकांची खात्री पटविण्याचा प्रयत्न केला. २० मार्च १९९६ रोजी त्याच सरकारला पार्लमेंटात कबूल करावे लागले, की हा रोग बहुधा माणसांत आला आहे. ब्रिटनमध्ये त्याने १७८ माणसे गेली, आणि त्यांत तरुणच फार. जवळजवळ सगळ्यांच्या १२९व्या जागी दोन्ही प्रतींत मेथिओनिन होते. डोंगरातल्या फोरे लोकांनी जो धडा जिवावर बेतून शिकला होता, तो प्रगत देशाने वाचून ठेवला, पण वापरला नाही.

कुणी घाबरून जाऊ नये म्हणून सांगतो. हा रोग स्पर्शाने, खोकल्याने किंवा रोग्याची शुश्रूषा केल्याने लागत नाही. दुधातून तो माणसाला झाल्याचे आढळलेले नाही. म्हातारपणी स्मृती घालविणाऱ्या अल्झायमरमध्ये आणि हात कापविणाऱ्या पार्किन्सनमध्येही मेंदूत बिघडलेल्या घड्यांची प्रथिने साचतात असे आढळले आहे. ती निराळी प्रथिने आहेत, आणि ते रोग घरच्या माणसांना लागत नाहीत. तेव्हा अशा वृद्धांजवळ बसावयाला, त्यांना भरवावयाला मुळीच भिऊ नये.

प्रायॉनचा रोग बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. तरीही कुरू नाहीसा झाला, आणि गाईंचा रोगही आटोक्यात आला. फोरे लोकांनी आपली चाल सोडली तेव्हा ‘प्रायॉन’ हा शब्दही जन्मला नव्हता. इंग्लंडात खुराक बदलला तेव्हा त्या प्रथिनाची सगळी रचना कुणाला ठाऊक नव्हती. रोग ज्या वाटेने येतो ती वाट बंद झाली, एवढे पुरले. ती वाट दाखविली प्रदर्शनातली चित्रे नीट पाहणाऱ्या एका पशुवैद्याने, आणि गेलेल्यांची नावे पाठ असलेल्या गावकऱ्यांनी. आपल्या गावात गुरांत किंवा माणसांत काही नवे, विपरीत दिसले, तर कुणी केले हा संशय घेत बसण्याआधी कुणाला झाले, केव्हा झाले, त्यांनी काय खाल्ले होते, हे लिहून ठेवावे, आणि ती वही डॉक्टरांच्या किंवा पशुवैद्यांच्या हाती द्यावी. एवढे काम शाळेतला शिक्षक सहज करू शकेल.